निळी डिस्क बरोबर न्या

माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढला, कॅसेट खोचली आणि पडदा नुसता करडा राहिला, की हात आपोआप लहानपणीचं काम करतो. कॅसेट काढायची आणि पिनांवर जोरात फुंकर मारायची. ती चालतेही, पण फुंकरीमुळे नव्हे. पुन्हा खोचताना पिना नव्यानं भिडतात, म्हणून. फुंकरीतला ओलावा मात्र मागे राहतो आणि पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, काळा मळ निघेल. आणखी एक. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेट १९८३च्या जपानी फॅमिकॉमच्या घाटाच्या, ६० पिनांच्या. अमेरिकी निन्टेन्डोची कॅसेट ७२ पिनांची. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्यानं प्रेमानं आणलेली कॅसेट खाचेत बसतच नाही.

पण आज जुना कन्सोल शोधणाऱ्याला बहुधा प्लेस्टेशन २ हवा असतो, आणि पहिल्या खरेदीला मीही तोच सुचवेन. २००० साली जपानात आलेला हा डबा २०१३ उजाडेपर्यंत बनत होता. जगभर १५ कोटींहून जास्त विकला गेला. त्यामुळे माल मुबलक आहे आणि सुटे भागही मिळतात.

यातली चिप सहसा दगा देत नाही, देते ती लेन्स. लेन्सच्या त्या एका डोळ्यामागे दोन लेसर आहेत: एक सीडीचा, एक डीव्हीडीचा. एक मेला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. प्लेस्टेशन २चे काही गेम निळसर तळाच्या सीडीवर येत, बाकीचे चंदेरी डीव्हीडीवर. मी घेतला तेव्हा दुकानदारानं डीव्हीडी लावून गेम सुरू करून दाखवला, मी खूश. घरी आल्यावर एकही निळी डिस्क वाचेना. पुढे महिन्याभरात डीव्हीडीही अडखळू लागली. डबा उघडणाऱ्या मेकॅनिकनं लेन्सजवळचा मोहरीएवढा स्क्रू दाखवला. तो फिरवला की लेसरला करंट जास्त मिळतो आणि मरायला टेकलेली लेन्स काही दिवस तरतरीत दिसते. माझ्या डब्यातला कुणीतरी पार टोकापर्यंत पिळला होता.

बाकीचं पटकन. पाठीवरचं लेबल वाचा. जपानहून आलेला जाडा प्लेस्टेशन २ हा १०० व्होल्टचा असतो, आपल्या प्लगात थेट लावलात तर जळेल. मूळचा एक्सबॉक्स घेत असाल तर आधी उघडून बघा. त्यातल्या घड्याळाच्या कपॅसिटरमधून द्रव गळतो आणि बोर्ड खातो. जुन्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह होत असेल, तर आत बहुधा बटण-सेल असतो. तो संपला की तुमची सगळी कमाई पुसली जाते.

आणि टीव्ही? बऱ्याच नव्या टीव्हींना पिवळी-पांढरी-लाल पिन लावायला जागाच नसते. स्वस्त कन्व्हर्टरनं चित्र येतं, पण बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते. एखाद्या काकांकडे डबडा टीव्ही धूळ खात असेल, तर तो भंगारात जाण्याआधी मागून घ्या.

खरेदीला जाताना पिशवीत एक निळी डिस्क आणि एक चंदेरी डिस्क टाका. दोन्ही दुकानातच, अर्धा-अर्धा तास चालवा. ‘घरी जाऊन निवांत बघा’ असं ऐकू आलं, तर पैसे न देता घरी या.