ताऱ्यांचा मताधिकार

मोबाईलवरच्या ॲपला लोक एक ते पाच तारे देतात आणि त्या ताऱ्यांची सरासरी ॲपच्या नावाखाली झळकते. असल्या विषयाची चर्चा या पानांवर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु कर्ज, पिकाची नोंद, बाळाचे वजन, परीक्षेचा अर्ज हे सारे व्यवहार आज ॲपच्या दारातून जातात आणि त्या दारावरची पाटी म्हणून आपली मुले हा आकडा वाचतात. दारव्ह्याला माझ्याकडे येणारे विद्यार्थी सरळ विचारतात, "सर, चार पॉइंट तीन आहे, घेऊ का?" त्यांना जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

आधी गणित. 100 जणांपैकी 60 जणांनी पाच आणि 40 जणांनी एक तारा दिला, तर सरासरी 3.4 येते. दुसऱ्या ॲपला 60 जणांनी तीन आणि 40 जणांनी चार तारे दिले, तरी सरासरी 3.4 च. पहिल्या ठिकाणी चाळीस माणसांचे काम पार अडले आहे. दुसऱ्या ठिकाणी कोणाचेच अडलेले नाही, कोणी फारसे खूषही नाही. सरासरी हा फरक गिळून टाकते. ते चाळीस जण जुना फोन वापरणारे असतील, ज्यांच्या शिवारात रेंज नाही असे असतील. आकडा त्यांच्याबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून आकड्याशेजारच्या पाच पट्ट्या पाहाव्यात. एका ताऱ्याची पट्टी लांब असेल तर तिथे थांबावे.

यापुढचा प्रश्न गणिताचा नाही. हे तारे देतो कोण? पुष्कळ ॲप आपले काम नीट पार पडल्यावर, पैसे पोचल्यावर, 'आम्हाला तारे द्या' म्हणून विचारतात. ज्याचे काम मध्येच अडले तो त्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. काही ॲप आधी 'आवडले का?' असे विचारतात. 'हो' म्हणणाऱ्याला ताऱ्यांकडे नेतात आणि 'नाही' म्हणणाऱ्याला तक्रारीच्या खाजगी पेटीकडे वळवतात. गूगलच्या नियमात ही युक्ती बसत नाही, पण ती चालते. शिवाय तारा द्यायला स्वतःचा फोन हवा, डेटा हवा, खाते हवे, लिहिता यायला हवे. ज्या आजीचा अर्ज नातू भरतो, तिचा अनुभव मोजणीत येत नाही. आलाच तर नातवाचा म्हणून येतो.

1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी नेमके हेच दुखणे दाखवले होते. मताधिकाराची अट सर्वांना सारखी लावली तरी ज्यांना मिळकतच करू दिली नाही, त्यांचे मतदार बोटांवर मोजण्याइतकेच उरणार. ताऱ्यांच्या मोजणीला कोणी निवडणूक म्हणत नाही, हे खरे. पण 'लोकांचे मत' म्हणून ती आपल्यापुढे ठेवली जाते, तेव्हा मतदारयादी तपासण्याचा हक्क आपल्याला आहे.

यादीत खोटी नावेही असतात. तारे विकत मिळतात, आणि त्याची सर्वांत महाग किंमत गरीब मोजतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात भारतात कर्ज देणारी सुमारे 1,100 ॲप मोजली. त्यांतली 600 बेकायदा होती. अशा ॲपबाबत तारे पाहूच नयेत. 1 जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियमनाखालील संस्थांच्या कर्ज-ॲपची यादी आहे, ती पाहावी. अभिप्रायांच्या खरेपणासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये मानक आणले, पण ते ऐच्छिक ठेवले.

तारे हे बहिष्काराचे हत्यारही होते. नोव्हेंबर 2015 मध्ये आमीर खानच्या असहिष्णुतेवरील वक्तव्याचा राग स्नॅपडीलच्या ॲपवर निघाला, कारण तो त्यांची जाहिरात करीत होता. एप्रिल 2017 मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याचा आरोप झाला. कंपनीने तो नाकारला, पण एक-एक ताऱ्याचा भडिमार झाला आणि नावसाधर्म्यामुळे काहींनी स्नॅपडीललाच पुन्हा बडवले!

मे 2020 ची गोष्ट याहून गंभीर. 'यूट्यूब विरुद्ध टिकटॉक' या भांडणात टिकटॉकची चारच्या वर असलेली सरासरी काही दिवसांत दीडच्याही खाली आली. ॲसिडहल्ल्याचे उदात्तीकरण वाटावे अशी एक चित्रफीत तिथे होती आणि तिच्यावरचा संताप रास्तच होता. परंतु त्या संतापात दुसरेही काही मिसळले होते. खेड्यातली, वस्तीतली पोरे प्रथमच कोणाची परवानगी न घेता नाचत-गात होती. त्यांना 'छपरी' म्हणून हिणवले जात होते. छप्पर शाकारणाऱ्यांवरून आलेला हा शब्द कोणाच्या तोंडी शिवी होतो, हे वाचकांना सांगायला नको. पुढे गूगलने लाखो अभिप्राय काढून टाकले आणि सरासरी पुन्हा चारवर गेली. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली ती सुरक्षेच्या कारणाने. त्या पोरांचे काय झाले, हे ना खाली आलेल्या आकड्याने सांगितले, ना वर गेलेल्या.

ही झाली बाजारातली ॲप. तिथे नाराज माणूस निदान दुसरीकडे जाऊ शकतो. सक्तीच्या ॲपचे काय? 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतःच ई-पीक पाहणी करण्याची पद्धत आली. आमच्या भागातल्या कापूस-सोयाबीनवाल्याने त्या ॲपला एक तारा दिला, तरी नोंद त्यालाच त्याच ॲपवर करायची आहे. अंगणवाडी सेविकांना 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आले. हातातले सरकारी फोन निकृष्ट आणि ॲपची भाषा इंग्रजी, ही त्यांची तक्रार होती. अशा सेविकेने प्ले स्टोअरवर लिहावे म्हटले, तर अभिप्रायावर खात्याचे नाव दिसते. आपल्याकडे नाव म्हणजे आडनाव आणि आडनाव म्हणजे काय ते कळलेच! मानधनावर काम करणारी बाई तो धोका का घेईल? ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोनच शासनाला परत केले. त्याची बातमी झाली, विषय न्यायालयातही गेला. ताऱ्यांनी हे झाले नसते.

तरीही अभिप्राय लिहूच नयेत असे माझे म्हणणे नाही. दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय मी आवर्जून वाचतो; तिथे शिव्या कमी आणि हकीकत जास्त असते. लिहिताना मराठीत लिहावे, तारीख, फोनचा प्रकार आणि काम नेमके कोणत्या पायरीवर अडले ते लिहावे. सक्तीचे ॲप असेल तर पडद्याचे छायाचित्र काढून अर्जाला जोडावे, आठ-दहा जणांच्या सह्या घ्याव्यात, तहसीलला द्यावे आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.