पडद्यावरचे रणगाडे

पडद्यावर युद्ध चालू असते, तेव्हा प्रेक्षकांचे डोळे स्फोटांकडे लागलेले असतात. रणगाड्याच्या चाकांकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु ज्यांनी ती युद्धे प्रत्यक्ष अनुभवली, त्यांच्या नजरेतून चाकेही सुटत नाहीत.

१९६५ साली ‘बॅटल ऑफ द बल्ज’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. त्याचा विषय दुसऱ्या महायुद्धातील एक घनघोर संग्राम. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन सैन्याने बेल्जियम व लक्झेंबर्ग या देशांतील आर्देन्नच्या अरण्यातून अमेरिकन फौजांवर अचानक चाल केली. वाटा अरुंद, दुतर्फा दाट झाडी आणि हाडे गोठविणारी थंडी. बर्फात व चिखलात पाय भिजून हजारो सैनिक लढण्यास असमर्थ झाले. सुमारे १९ हजार अमेरिकन सैनिक कामी आले.

चित्रपटाचे चित्रण मात्र स्पेन देशात झाले. आरंभीच्या प्रसंगांत झाडे आणि बर्फ दिसते. पण अखेरची झुंज एका उघड्याबोडक्या, कोरड्या माळावर होते. तेथे धूळ उडते, बर्फाचा मागमूसही नसतो. हिवाळा एवढ्यात कोठे गेला, असा प्रश्न प्रेक्षकास पडला तर नवल नाही. चित्रपटातील प्रसंग कथेच्या क्रमाने टिपले जातातच असे नाही. निरनिराळ्या ठिकाणी टिपलेले तुकडे मागाहून जोडतात. म्हणून कोणाच्या अंगावर कोणता कोट होता, सावली कोणीकडे पडली होती, यांची टिपणे ठेवण्यास एक स्वतंत्र मनुष्य नेमलेला असतो. त्याची वही कितीही चोख असली, तरी बर्फ पाडणे काही तिच्या हाती नसते!

रणगाड्यांची गोष्ट निराळी. जर्मनांचा ‘किंग टायगर’ जवळजवळ ७० टन वजनाचा. त्याची मोठाली चाके एकमेकांआड बसविलेली असत. चित्रपटात त्याच्या जागी सुट्या चाकांचे अमेरिकन ‘एम-४७’ आले. हा रणगाडा १९५० नंतरचा. १९४४ साली तो अस्तित्वातच नव्हता. परंतु बहुतेक खरे किंग टायगर युद्धात नष्ट झाले वा मोडीत निघाले होते आणि स्पेनच्या सैन्याजवळ एम-४७ होते. ही अडचण समजण्याजोगी आहे.

माळाचे तसे नाही. चाके बदलली तरी लढाई तीच राहते. थंडी आणि अरण्य काढून घेतले, की सैनिकांनी सोसलेले हालच नाहीसे होतात. ठिकाणे व पात्रे बदलली आहेत, असे निवेदन अखेरीस पडद्यावर झळकते खरे. बर्फाविषयी त्यात अवाक्षरही नाही.