भाताच्या गाडीला ऑटोमॅटिक गिअर हवा का?

शेतमालाची वाहतूक : लेखांक ७

मागच्या लेखांत टायर आणि वजन झाले, आता गिअर.

भाताच्या गाडीचा खरा कस दोन ठिकाणी लागतो. झोडणी उरकून वसई तालुक्यातल्या भाताणे, मेढे, उसगावच्या पट्ट्यातून गोणी भरलेला पिकअप खळ्यावरून निघतो, तेव्हा जमीन अजून मऊ असते. डांबरी रस्ता लागेपर्यंत चालक पहिल्या गिअरात, अर्ध्या क्लचवर गाडी ओढत राहतो. दुसरा कस महामार्गावर. शिरसाड फाट्यावरून मुंबईकडे वळले की वर्सोवा पुलाच्या आसपास कोंडी ठरलेली, आणि डावा पाय क्लचवरून उठतच नाही. तासन्‌तास असे बसून गुडघा धरलेले चालक आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मग ऑटोमॅटिक घ्यावी का? आधी हे नीट समजून घ्या, की त्या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. पहिली एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीचाच, क्लच प्लेटही तीच. क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम तेवढे संगणकाच्या हुकमाने होते, अवजड ट्रकमध्ये बहुधा हवेच्या दाबावर. म्हणजे पाय सुटला, प्लेट नाही सुटली. भरलेली गाडी चढावर किंवा चिखलात इंचाइंचाने पुढे घेतली, की प्लेट घसरते, तापते आणि शेवटी जळते.

दुसरी यंत्रणा टॉर्क कन्व्हर्टरची. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. इंजिन एक पाते फिरवते, तेलाचा झोत समोरच्या पात्याला फिरवतो. गाडी जागची उठताना यात जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. घसरण तेलात होते आणि उष्णता कूलरवाटे बाहेर पडते. चालत्या हार्वेस्टरच्या जोडीने रांगत धान्य भरून घेणाऱ्या अमेरिका-कॅनडातल्या ट्रकना ॲलिसन कंपनीचे असे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणूनच मानवले. सुगीपुरता आलेला नवखा माणूसही ती गाडी चालवू शकतो.

आपल्याकडे मात्र गोणी हमालांच्या पाठीवरून चढतात, गाडी तोवर उभी असते. तो फायदा आपल्याला फारसा नाही. शिवाय क्लच प्लेट महामार्गालगतचा कुठलाही जाणता मेकॅनिक बदलून देतो, पण एएमटीचा सेन्सर बिघडला तर कंपनीचे वर्कशॉप गाठावे लागते, आणि तेही ऐन सुगीत.

भाजी-फुलांच्या छोट्या फेऱ्यांसाठी तिसरी वाट निघाली आहे. २०२२ मध्ये आलेल्या टाटा एस ईव्हीला, म्हणजे विजेवरच्या छोट्या हत्तीला, क्लच नाही आणि गिअर बदलणेही नाही.

माझे मत स्पष्ट आहे. सुगीपुरती भाताची ने-आण असेल तर मॅन्युअलच घ्या. रोज मुंबईच्या फेऱ्या असतील तर चालकाच्या पायाला आराम ही चैन समजू नका, त्यासाठी जादा पैसे मोजा. कोणतीही घ्या, पण रिकामी चालवून पसंत करू नका. गोणी भरून चढावर उभी करा, तिथून उठवून पाहा, आणि ती बिघडली तर वसई-विरारमध्ये कोण दुरुस्त करील हे सही करण्याआधी विचारा.