संसदेला कुलूप लावले तर न्यायालयाने काय करावे?

पाच वर्षांतून एकदा मत दिले की आपले काम संपले, असा समज आपल्यातल्या अनेक तरुणांचाही असतो. बाबासाहेबांना हा समज मान्य नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी आपण संसदीय पद्धत का स्वीकारतो आहोत याचे कारण सांगितले होते. सरकारचा हिशेब दोन ठिकाणी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. एक हिशेब निवडणुकीत मतदार घेतात. दुसरा सभागृहात रोजच्या रोज घेतला जातो, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वास प्रस्तावातून, चर्चेतून. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत हा रोजचा हिशेब नाही, आणि भारतासारख्या देशाला त्याचीच गरज जास्त आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

मग प्रश्न उरतो तो असा. सरकारने सभागृहच बंद ठेवले तर हा हिशेब घ्यायचा कुठे? आणि असे बंद ठेवणे बेकायदा आहे, असे न्यायालय सांगू शकते का? या प्रश्नावर अलीकडच्या काळातला सर्वांत मोठा वाद २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये झाला. तो समजून घेणे आपल्या कामाचे आहे.

तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन

आधी शब्द नीट समजून घेऊ. सभागृहाची बैठक काही तासांसाठी किंवा काही दिवसांसाठी थांबवणे म्हणजे तहकुबी. पूर्ण अधिवेशनच संपवणे म्हणजे सत्रसमाप्ती. सभागृहाची मुदत संपवून निवडणुका घेणे म्हणजे विसर्जन. ब्रिटनमधला वाद सत्रसमाप्तीचा होता. तिथे सत्रसमाप्ती झाली की सभागृहात बसता येत नाही, समित्या काम करू शकत नाहीत, मंत्र्यांना प्रश्न विचारता येत नाहीत आणि बरीचशी प्रलंबित विधेयके मरतात. आपल्याकडे विधेयकांचे तसे होत नाही. अनुच्छेद १०७ नुसार सत्रसमाप्तीमुळे संसदेतले विधेयक रद्द होत नाही. पण प्रश्न विचारण्याची जागा मात्र दोन्हीकडे बंद होते.

२०१९ मध्ये नेमके काय झाले?

ब्रिटन ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार होते. करार करून की कराराविना, यावर संसदेत मोठी भांडणे सुरू होती. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून २८ ऑगस्टला राणीने संसदेच्या सत्रसमाप्तीचा आदेश दिला. ९ सप्टेंबरच्या रात्री उशिरा तो अमलात आला आणि १४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे साधारण पाच आठवडे, संसद बंद राहणार होती. नवीन अधिवेशनाच्या तयारीसाठी हे नेहमीचेच आहे, असे सरकारचे म्हणणे. पण या तयारीला साधारण चार ते सहा दिवस पुरतात, अशी साक्ष जॉन्सन यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायालयात लेखी दिली.

दोन ठिकाणी दावे झाले. लंडनमध्ये जीना मिलर न्यायालयात गेल्या. गयानात जन्मलेल्या या भारतीय वंशाच्या महिलेने आधीही ब्रेक्झिटबाबत सरकारला न्यायालयात हरवले होते. त्याबद्दल त्यांना वंशद्वेषी धमक्याही सोसाव्या लागल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये खासदार जोॲना चेरी आणि त्यांचे सहकारी गेले. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने सांगितले, हा राजकीय विषय आहे, आम्ही यात पडणार नाही. स्कॉटलंडच्या अपील न्यायालयाने सांगितले, हा आदेश बेकायदा आहे. एकाच देशात दोन उलट निकाल लागल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२४ सप्टेंबर २०१९ रोजी ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. तो अध्यक्षा लेडी हेल यांनी वाचून दाखवला. दुसऱ्याच दिवशी संसद पुन्हा भरली.

न्यायालयाने नेमके काय म्हटले?

हा निकाल ब्रेक्झिट चूक की बरोबर यावर नव्हता. पंतप्रधानांच्या मनात काय होते, याचा निवाडाही न्यायालयाने केला नाही. त्याने पाहिले ते परिणामाकडे. योग्य कारण नसताना सत्रसमाप्तीमुळे संसदेचे कायदे करण्याचे आणि सरकारवर देखरेख ठेवण्याचे काम अडले, तर ती सत्रसमाप्ती बेकायदा, अशी कसोटी न्यायालयाने लावली. पाच आठवडे का लागतात, याचे समाधानकारक कारण सरकारने पुढे ठेवले नाही. म्हणून तो आदेश मुळातच झाला नव्हता, असे धरले गेले.

यामागचा विचार साधा आहे. राणीच्या विशेषाधिकाराला मर्यादा नसती, तर सरकारला संसद हवी तितके दिवस बंद ठेवता आली असती. मग संसद सर्वोच्च आहे, या म्हणण्याला अर्थ काय राहिला? ज्याने उत्तर द्यायचे, तोच प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढू शकत असेल, तर ती जबाबदारी नावापुरती उरते.

विरोधातले मुद्दे

या निकालावर टीका झाली, आणि ती फेकून देण्यासारखी नाही. निवडून न आलेले न्यायाधीश राजकारणात पडले, असा पहिला आक्षेप. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सनुसार संसदेच्या कामकाजाची चौकशी न्यायालयाला करता येत नाही, असा दुसरा. संसदेला सत्रसमाप्ती नको होती तर तिने स्वतः कायदा करायला हवा होता किंवा सरकार पाडायला हवे होते, असा तिसरा. पुढे डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन मोठ्या बहुमताने जिंकले. २०२२ च्या नव्या कायद्याने संसदेच्या विसर्जनाच्या निर्णयाची तपासणी न्यायालयांना करता येणार नाही, अशी तरतूदही झाली.

दुसऱ्या आक्षेपाला न्यायालयाने उत्तर दिले की सत्रसमाप्ती हे संसदेचे कामकाज नाही, ती बाहेरून संसदेवर लादली जाते. आम्हाला हे पटते. तिसरा आक्षेप मात्र दार बंद झाल्यावर अपुरा पडतो. आत बसण्याची परवानगीच नसेल तर कायदा कुठे करणार आणि अविश्वास कुठे मांडणार? पहिल्या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच न्यायालयाची भूमिका मर्यादित असावी. त्याने दार उघडावे. आत काय ठरते, ते लोकप्रतिनिधींवर सोडावे. लंडनच्या न्यायालयाने तेवढेच केले.

बौद्ध बहुसंख्य असलेल्या श्रीलंकेतही २०१८ मध्ये असा पेच आला होता. राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना हटवले, संसदेची सत्रसमाप्ती केली आणि ९ नोव्हेंबरला संसदच विसर्जित केली. १३ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ते विसर्जन एकमताने घटनाबाह्य ठरवले. तिथे संविधानात स्पष्ट लेखी मर्यादा होती, म्हणून काम सोपे झाले. ब्रिटनमध्ये तशी लेखी मर्यादा नव्हती. ती तत्त्वातून काढावी लागली.

आपल्या संविधानात काय आहे?

अनुच्छेद ८५ संसदेसाठी आणि अनुच्छेद १७४ विधिमंडळासाठी. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, ही लेखी मर्यादा. मे १९४९ मध्ये यावर चर्चा झाली तेव्हा अधिक अधिवेशने सक्तीची करा, अशी मागणी काही सदस्यांनी केली. ही किमान अट आहे, जास्त बैठका घ्यायला कोणी अडवलेले नाही, असे बाबासाहेबांनी उत्तर दिले. अधिवेशने इतकी लांबतील की सदस्यच थकून जातील, असेही ते म्हणाले होते.

प्रत्यक्षात काय झाले? २०२० मध्ये संसदेचे पावसाळी अधिवेशन २३ सप्टेंबरला संपले. कोरोनाचे कारण देऊन हिवाळी अधिवेशन झालेच नाही. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते, आणि संसद थेट २९ जानेवारी २०२१ ला भरली. सहा महिन्यांची अट मोडली नाही. रोजचा हिशेब मात्र चार महिने बंद राहिला. संविधानाचे शब्द न बदलता केवळ कारभाराची पद्धत बदलून संविधान बिघडवता येते, असा इशारा बाबासाहेबांनी १९४८ च्या त्याच भाषणात संवैधानिक नैतिकतेबद्दल बोलताना दिला होता.

आपली न्यायालये काय करू शकतात? अनुच्छेद १२२ त्यांना सभागृहाच्या कामकाजात डोकावू देत नाही. पण १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांनी ठरवले की राष्ट्रपती राजवटीच्या निर्णयाची तपासणी होऊ शकते आणि तो निर्णय ज्या माहितीवर घेतला तीही मागवता येते. अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून विधिमंडळाला बगल देण्याची बिहारची पद्धत १९८६ मध्ये न्यायालयाने संविधानाशी केलेली लबाडी ठरवली. तो खटला पुण्याच्या गोखले संस्थेतले संशोधक डी. सी. वाधवा यांनी लढवला होता. १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ अध्यादेश निघाले, हे त्यांनीच शोधून काढले.

न्यायालयाची मर्यादाही बिहारनेच दाखवली. २००५ मध्ये विधानसभेचे विसर्जन घटनाबाह्य ठरले, पण तोवर निवडणूक प्रक्रिया सुरू झाली होती आणि जुनी सभा परत आली नाही. लंडनमध्ये निकाल दोन आठवड्यांत लागला, म्हणून त्याचा उपयोग झाला. उशिरा मिळालेल्या निकालाने दार उघडत नाही.

आपण काय करायचे?

संख्येने कमी असलेल्या समाजाला निवडणुकीतला हिशेब एकट्याने घेता येत नाही. शिष्यवृत्ती का अडली, अत्याचाराच्या गुन्ह्यात आरोपपत्र का नाही, अनुसूचित जातींचा निधी कुठे वळवला, हे प्रश्न एखादा आमदारही विचारू शकतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आपले मोर्चे जातात ते याच भरवशावर. अधिवेशन दोन दिवसांचे झाले किंवा झालेच नाही, तर निवेदन कोणाच्या हातात द्यायचे?

म्हणून अधिवेशनाचे दिवस किती, हा आपलाही प्रश्न आहे. आपल्या आमदाराने किती प्रश्न विचारले, किती उत्तरे आली, याची नोंद प्रत्येक तालुक्यात ठेवता येईल. अधिवेशन कमी केले तर कारण लेखी मागता येईल. वाधवांकडेही सुरुवातीला फक्त नोंदी होत्या.

वज्जींबद्दल विचारले असता तथागतांनी आनंदाला सांगितले होते की ते वारंवार एकत्र जमतात तोवर त्यांची हानी होणार नाही. महापरिनिब्बान सुत्तातली ही पहिली अट आहे. भिक्खू संघाला सभेचे नियम माहीत होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेला करून दिली. जमणे थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हाती बिनशर्त जाऊ नये, यासाठी न्यायालय हवे. आणि न्यायालयापर्यंत जाणारी माणसे आपल्यातून तयार व्हायला हवीत.

जय भीम, नमो बुद्धाय.