धड्याचा रकाना

टेबलावर तीन वह्या काढून ठेवल्या आहेत. जाड पुठ्ठ्याच्या, दोनशे पानी. एकीवर २०२२, दुसरीवर २०२३, तिसरीवर २०२४. पहिल्या दोन वह्यांत प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले पाच रकाने आहेत: तारीख, वाचन, वचन, धडा, कृती. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, क्वालिटी विभागात, माझी उभी नोकरी गेली. त्या खात्यातल्या माणसाला पाचवा रकाना कशाला हे समजावून सांगावं लागणार नाही. माल परत आला की कारण शोधायचं, पाच वेळा ‘का’ विचारायचं, कृती लिहायची, खाली सही. निवृत्तीनंतर पवित्र शास्त्र रोज वाचायचं ठरवलं तेव्हा हात आपोआप पट्टीकडे गेला.

हिशेब सोपा होता. सहासष्ट पुस्तकं, ११८९ अध्याय, ३६५ दिवस. म्हणजे रोज सव्वातीनच्या किंचित वर. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ, उड्या न मारता. आम्ही मूळचे नगरकडचे. घरात संध्याकाळची प्रार्थना आणि ‘उपासना संगीता’तलं एखादं गीत लहानपणापासून होतं, पण वाचन नेहमी आवडत्या अध्यायांचंच. तेविसावं स्तोत्र पाठ, आणि ओबद्या नावाचं पुस्तक आहे हे फक्त अनुक्रमणिकेमुळे माहीत. ताथवड्यात फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून पशुसंवर्धन खात्याच्या वळूंच्या प्रक्षेत्राकडची झाडी दिसायची. आता टॉवर दिसतात. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं आणि त्यानंतर जमिनीने वर वर जायचंच ठरवलं. सकाळी साडेपाचला हायवेच्या अंडरपासात गर्दी व्हायच्या आत मी वही उघडून बसायचो.

पहिल्या वहीतले जानेवारीचे धडे वाचताना आज हसू येतं. ‘अब्राहाम : वय आड येत नाही.’ ‘योसेफ : साठ्याचं नियोजन.’ निर्गमच्या सोळाव्या अध्यायापुढे, जिथे मान्ना उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडतात, तिथे मी लिहिलंय : ‘इन्व्हेंटरी कमी ठेवावी.’ हा धडा चूक नाही. पण रानात उपाशी फिरणारी माणसं उद्याच्या भीतीने मूठभर जास्त गोळा करतात, ती भीती त्या रकान्यात कुठे बसणार होती?

असं तक्ता लावून रोज वाचणारा मी काही पहिला नव्हे. जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोराव्हियन मंडळीने अठराव्या शतकात रोजच्या वचनांची पुस्तिका छापायला घेतली, ती अजून दरवर्षी निघते. स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक रॉबर्ट मरी मॅकचेन याने १८४२च्या अखेरीला आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा वाचनतक्ता केला. त्याच १८४२मध्ये इकडे अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. मॅकचेन पुढच्या मार्चमध्ये गेला, वय अवघं २९. त्याचा तक्ता मात्र आज मोबाइलवर धावतो. मला भावतं ते हे की तक्ता देतानाच त्याने त्याचे धोकेही सांगून ठेवले होते : वाचन नुसतं उरकलं जाईल, वाचणारा स्वतःवरच खूश होईल, काहींना ते मानेवरचं जू वाटेल. दुसऱ्या धोक्यात मी फेब्रुवारीपर्यंत पुरता सापडलो होतो. चर्चमध्ये कुणी ‘सलाम’ म्हणालं की तिसऱ्या वाक्याला माझं वाचन कुठवर आलंय ते मी सांगायचोच.

लेवीयने जिरवली. चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्याचे नियम आहेत. हिरवट किंवा तांबूस डाग दिसला तर याजकाला बोलवा, घर रिकामं करा, सात दिवस बंद ठेवा, दगड काढा, गिलावा खरवडा, नवा लावा. तरी परतला तर घर पाडा. आमच्या बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीला तेव्हा नेमकी ओल होती. बायको म्हणाली, “अहो, याजक नको, वॉटरप्रूफिंगवाला बोलवा.” धड्याच्या रकान्यात त्या दिवशी पहिल्यांदा काही सुचलं नाही. मग गणनेतल्या शिरगणतीत वाचन मागे पडलं, नऊ दिवसांची थकबाकी झाली आणि ती मी एका रविवारी दुपारी भरून काढली, ‘उरकणं’ या शब्दाच्या पूर्ण अर्थाने.

त्या वर्षातलं एक पान मात्र अजून जिवंत वाटतं. मे महिन्यात नहेम्याचा तिसरा अध्याय आला. यरुशलेमेची भिंत कुणी बांधली याची नुसती जंत्री : अमक्याने इथवर, त्याच्या शेजारी तमक्याने तिथवर. भिंतीवर सोनार आहे, सुगंधी द्रव्यं करणारा आहे, एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन राबतोय. तकोवाच्या प्रतिष्ठितांनी अंग मोडलं नाही याचीही नोंद आहे, आणि त्याच गावच्या साध्या माणसांनी आपला भाग संपवून आणखी एक भाग बांधला, याचीही. वाचून उठलो, दूध आणायला निघालो. समोरच्या साइटवर फलक : विकसकाचं नाव, आर्किटेक्टचं नाव, रेराचा नंबर. उन्हात विटा वाहणाऱ्या बायकांची पत्र्याची वस्ती मागे. तिथे नावं नाहीत. धड्यात मी काय लिहिलंय? ‘टीमवर्क.’ शेजारी नंतर कधीतरी वेगळ्या शाईने प्रश्नचिन्ह काढलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी एकही दिवस चुकला नाही. म्हणूनच पुढचं सांगता येतं.

८ ऑक्टोबर २०२३, रविवार. रात्री अकराच्या सुमाराला खिडक्या हादरल्या. एक स्फोट, मग दुसरा, मग मोजणं सुटलं. आमच्या ताथवड्यातच एका टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरत होते. आग लागली, सिलिंडर एकामागून एक फुटले, शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या तीन बस जळाल्या. जीव कुणाचा गेला नाही. पहाटे वही उघडली तर तक्त्यात जखऱ्या, पाच ते सात. पाचव्या अध्यायात उडती गुंडाळी येते. तिच्यावर चोरांविरुद्धचा शाप लिहिलेला, ती चोराच्या घरात शिरते आणि लाकूड-दगडांसकट ते घर खाऊन टाकते. अंगावर काटा आला. त्या दिवशीचा धडा मी दोन ओळींत मावेना म्हणून समासात लिहिलाय. चोरी, आग, न्याय. वर, रविवारची रात्र म्हणून बसमध्ये पोरं नव्हती, ही कृपा. पुढच्या रविवारी मंडळीत उभा राहून साक्षही दिली. लोकांनी माना डोलावल्या.

बरोबर दोन महिन्यांनी, ८ डिसेंबरला, तळवड्यात आग लागली. ताथवडे नव्हे, तळवडे, देहूच्या वाटेवरचं. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणारं युनिट. आत बहुतेक बायका होत्या, रोजंदारीवर आलेल्या. कित्येक जणी होरपळून गेल्या. काही त्याच दुपारी, काही पुढच्या दिवसांत रुग्णालयात. त्यांनी काही चोरलं नव्हतं.

९ तारखेचं वाचन : पहिलं थेस्सलनीकाकरांस, चार आणि पाच; दुसरं थेस्सलनीकाकरांस, एक. चौथ्या अध्यायात पौल आपल्या हातांनी काम करायला सांगतो. पाचव्यात सर्व परिस्थितीत उपकार मानायला सांगतो. मी पेन धरून बसलो. बायको चहा ठेवून गेली, तो गार झाला. त्या दिवशीचा रकाना कोरा आहे. मग पानं उलटी चाळत ऑक्टोबरवर गेलो आणि समासातला तो मजकूर परत वाचला. ताथवड्याला देव न्यायी ठरवायचा तर तळवड्याला कोण? माझ्या त्या धड्यात जखऱ्याचं काहीच नव्हतं. सगळं माझ्या वाचलेल्या खिडक्यांचं होतं. ईयोबाचे मित्र नेमकं हेच करतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच होतो. हे मी मे महिन्यात वाचलं होतं, धडाही लिहिला होता : ‘संकटात मित्रांना धीर द्यावा.’

त्या हिवाळ्यात मी थोडा वेगळ्या वाटेने गेलो. पवित्र शास्त्राबरोबर ते वाचणाऱ्या माणसांबद्दलही वाचायला लागलो. ना. वा. टिळकांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचण्याचं वचन घेतलं. पुस्तक त्यांना काही फार आवडलं नव्हतं. वचन दिलंय म्हणून वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. देहू आमच्यापासून हाकेवर, म्हणून ते मला जास्त लागतं. पण मन थांबलं ते आवडत नसताना वाचत राहण्यापाशी. त्या दिवसांत टिळकांना कुणी धडा विचारला असता तर काय सांगितलं असतं?

आणि पंडिता रमाबाई. बायकोच्या आजीचं माहेर केडगावकडचं, त्यामुळे हे नाव घरात देव्हाऱ्यातल्यासारखं घेतलं जातं. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला ऐकून समजेल अशी साधी भाषा हवी, हा हट्ट. दीड तपाच्या आसपास ते काम चाललं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनाच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत. १९२१मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला बाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ला बाहेर आला. मुलगी गेल्यावर मुद्रितातल्या कोणत्या ओळीवर त्यांची बोटं अडली असतील, याचा मी पुष्कळ विचार केला. एवढं नक्की की त्यांनी ती ओळ ओलांडली नाही, शब्द तपासला आणि पुढचा घेतला.

वरच्या मजल्यावर वसईचं कॅथलिक कुटुंब आहे. त्यांच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे, ते मी मागून आणलं. कॅथलिकांची वाचनाची पद्धत आणखी निराळी. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, इतर दिवसांचं दोन, आणि वाचन निवडायचं काम वाचणाऱ्याकडे नाहीच. तळमजल्यावरचे माळकरी अण्णा पहाटे हरिपाठ म्हणतात. ते त्याला नेम म्हणतात, आणि त्या शब्दात हिशेब नाही.

म्हणून २०२४च्या वहीतल्या नोंदी बारीक झाल्या. तक्ता तोच ठेवला, २९ फेब्रुवारी मोकळा सोडला. फरक एवढाच की आता आम्ही दोघं मोठ्याने वाचायला लागलो, एक अध्याय तिने, एक मी. कानावर पडलं की डोळ्यांना निसटलेलं सापडतं. ऑक्टोबरात मत्तयचा विसावा अध्याय तिच्या वाट्याला आला. द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर चौकात जाऊन मजूर आणतो आणि संध्याकाळी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. आधीच्या दोन्ही वह्यांत माझी नोंद मालकाच्या बाजूची : ‘कृपा हिशेब मानत नाही.’ ती वाचता वाचता मध्येच थांबली. म्हणाली, “पाच वाजेपर्यंत ते तिथे उभे का होते, तर कुणी कामावर घेतलंच नाही म्हणून. दिवसभर उभेच होते की हो.” आमच्या बाजूच्या मजूर अड्ड्यावर सकाळी दहानंतरही डबा हातात धरून थांबलेली माणसं मी वर्षानुवर्षं गाडीच्या काचेतून पाहिली. कारखान्यात कंत्राटी पोरांना आमच्याएवढा बोनस द्यायची गोष्ट निघाली तेव्हा कुरकुरणाऱ्यांत मी होतो. हे मी वहीत लिहिलंय, पण धडा म्हणून नाही. तारखेखाली, बारीक अक्षरात, तिथे कधी कुणी बघणार नाही असं.

९ डिसेंबर पुन्हा आलं. तेच तीन अध्याय. उपकार माना या वाक्यापाशी तिचा आवाज जरा खाली आला, मग तिने पुढचं वाचलं. मी वहीत फक्त ‘तळवडे’ लिहिलं आणि वही मिटली.

यंदा वही आखताना तिने विचारलं, किती रकाने? मी दोन म्हणालो. तारीख आणि वाचन. सध्या उत्पत्ती चालू आहे. लेवीयचा चौदावा येईपर्यंत उत्तरेच्या भिंतीचं काम उरकायला हवं. गेल्या पावसात ओल परत आली आहे, आणि या वेळी ती थोडी हिरवट आहे.