विमानसेवेसाठी कोणते गुण हवेत?

पुण्याजवळील लोहगावचा विमानतळ खराडीपासून दूर नाही. तेथील विमानांत काम करण्याची इच्छा एखाद्या विद्यार्थिनीने बोलून दाखवली, की प्रथम चर्चा होते ती रूपाची. ‘हवाई सुंदरी’ या शब्दानेच हा गैरसमज रूढ केला असावा.

वस्तुतः चहा-फराळ देणे हे या कामाचे दुय्यम अंग होय. निम्मी दारे निकामी झाली तरी ९० सेकंदांत रिकामे करता येईल, अशी मोठ्या प्रवासी विमानाची रचना असावी लागते. प्रसंग आल्यास ते रिकामे करवून घेतात हे कर्मचारी. त्यासाठी खणखणीत आवाज, सुदृढ शरीर आणि भेदरलेल्या माणसालाही सूचना पाळायला लावणारा शांतपणा लागतो. आग विझवणे, प्रथमोपचार हे प्रशिक्षणात शिकवले जाते. संयम मात्र अंगी असावा लागतो. शिक्षकांनी तोच पारखावा.

मुंबईत शिकलेल्या नीरजा भनोत यांच्या बाबतीत या गुणांची कसोटी ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराची येथे लागली. अपहरणकर्ते पॅन ॲमच्या विमानात शिरताच त्यांनी वैमानिकांना सावध केले. सुमारे १७ तासांनी गोळीबार सुरू झाला, तेव्हा स्वतः आधी बाहेर न पडता त्यांनी प्रवाशांना वाट करून दिली आणि त्यातच प्राण गमावले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षे होते. भारत सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान केले.