कार्ब्युरेटरचे समायोजन व वेगवृद्धीतील सलगता : वेबर डीसीओई कार्ब्युरेटरच्या संदर्भात

प्रस्तावना :
एदोआर्दो वेबर यांनी इटलीतील बोलोन्या येथे स्थापन केलेल्या कारखान्याचे डीसीओई कार्ब्युरेटर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक वेगवान मोटारींवर वापरले गेले. १९६२ मध्ये बाजारात आलेली लोटस एलान ही त्यांपैकी एक होय. तिच्या १५५८ घनसेंटिमीटर इंजिनावर असे दोन कार्ब्युरेटर असून, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वायुमार्ग मिळतो. आजच्या मोटारींत इंधनाचे प्रमाण संगणक ठरवितो. या जुन्या इंजिनांत मात्र ती जबाबदारी समायोजन करणाऱ्यावरच असते. प्रस्तुत लेखात ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळण्याची कारणे व त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे.

अडखळण्याचे कारण :
पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग इंधन लागते; पूर्ण शक्तीसाठी हे प्रमाण सुमारे १२.५ ते १३ भाग हवेपर्यंत दाट ठेवावे लागते. थ्रॉटल एकाएकी उघडल्यास हवा तत्काळ आत शिरते; परंतु तुलनेने जड असलेले इंधन मागे पडते आणि त्याचा काही अंश वायुमार्गाच्या भिंतींवर साचतो. परिणामी मिश्रण क्षणभर विरळ होते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रवेगक पंप इंधनाची पिचकारी सोडतो.

दोषाचे निदान :
दोष कोणत्या क्षणी जाणवतो, यावरून त्याचे स्थान ओळखता येते. पेडल हळूहळू दाबल्यास इंजिन सुरळीत चालते, पण झटक्याने दाबल्यास गुदमरते, तर पंपाचे जेट तपासावे. पेडल हळू दाबूनही थ्रॉटलच्या अल्प उघडीपाशी इंजिन अडखळत असेल, तर आयडल जेट व त्यावर अवलंबून असलेली संक्रमण-छिद्रे यांकडे लक्ष द्यावे. पूर्ण थ्रॉटलवर व उच्च फेऱ्यांवर शक्ती कमी पडत असेल, तरच मुख्य जेट व हवा-नियामक जेट यांचा विचार करावा. जेटवरील अंक मिलिमीटरच्या शतांशात असतो. म्हणजे १२० क्रमांकाच्या मुख्य जेटचे छिद्र १.२० मिलिमीटर असते.

समायोजनाचा क्रम :
प्रथम ठिणगीची वेळ, व्हॉल्व्हमधील फट, फ्लोटची पातळी व इंधनाचा दाब तपासावा. इंजिन पुरेसे तापल्यावर सर्व वायुमार्गांतील हवेचा प्रवाह समान करावा. त्यानंतर आयडल, संक्रमण, मुख्य जेट व शेवटी पंप या क्रमाने जावे. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी.

येथे एक चूक वारंवार घडते : पिकअप नाही म्हणून थेट मोठे मुख्य जेट बसविले जाते. अल्प उघडीवर मुख्य जेटमधून इंधनच वाहत नसल्याने दोष तसाच राहतो. उलट पूर्ण भारावर प्लग काळे पडतात व जादा पेट्रोलमुळे सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन जातो. याउलट पूर्ण भारावर मिश्रण विरळ राहिल्यास अपस्फोटन होऊन पिस्टन वितळू शकतो.

निष्कर्ष :
सलग वेगवृद्धी ही अधिक इंधनाने नव्हे, तर योग्य क्षणी मिळालेल्या योग्य इंधनाने साधते. म्हणून जेट बदलण्यापूर्वी निदान करणे हेच समायोजनाचे खरे सूत्र होय.